घरच्या बागेतील दिवे : निवड, जागा आणि जोडणी यांविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बागेत दिवे लावायचे ठरले की बहुतेक जण आधी फिटिंग पसंत करतात आणि मग ते कुठे बसेल याचा विचार करतात. येथील उत्तरे त्याच्या उलट क्रमाने लिहिली आहेत : आधी जागा, मग त्या जागेला लागणारा प्रकाश आणि शेवटी तो प्रकाश देणारा दिवा. रात्रीच्या बागेत दिवा स्वतः दिसू नये, तो ज्यासाठी लावला ती वाट, पायरी किंवा झाड दिसावे, हे सूत्र धरून पुढील सर्व उत्तरे दिली आहेत.

सुरुवात कुठून करावी?

खरेदीपासून करू नये. पूर्ण अंधार पडल्यावर एखादा साधा टॉर्च घेऊन बागेत जावे आणि जिथे जिथे दिवा लावण्याचा विचार आहे, तिथे तो जमिनीवर ठेवून, भिंतीला टेकवून, फांदीला धरून पाहावा. सोबत कोणी असेल तर त्यांना टॉर्च धरायला सांगून आपण घराच्या खिडकीतून, फाटकाजवळून आणि नेहमीच्या बसण्याच्या जागेवरून काय दिसते ते बघावे. टॉर्च खोडाच्या अगदी बुंध्याशी उभा ठेवला, तर सालीची प्रत्येक भेग आणि गाठ उठून दिसते. तोच दोन हात मागे सरकवला की भेगा पुसल्या जातात आणि नुसता उजळ खांब उरतो. हा फरक कोणत्याही माहितीपत्रकात कळत नाही. पसंत पडलेल्या जागी खुंट्या ठोकून ठेवाव्यात आणि हा प्रयोग निदान दोन रात्री करावा, कारण पहिल्या रात्री उत्साहात आपण खुणा जास्तच करतो.

याच फेरीत आणखी एक गोष्ट ठरवावी, ती म्हणजे कोणत्या जागा अंधारात ठेवायच्या. सगळी बाग सारखी उजळली तर तिची खोली नाहीशी होते आणि जवळचे व लांबचे सारे एकाच पातळीवर येते.

एकूण किती दिवे लागतील?

मनात आलेल्या आकड्यापेक्षा कमी. आधी चालण्याच्या जागा घ्याव्यात : दार, पायऱ्या, वाटेचे वळण, फाटक. त्यानंतर बसण्याची जागा आणि सर्वांत शेवटी शोभेची झाडे व भिंती. लहान बागेत पहिल्या टप्प्याला चार-सहा दिवे पुरतात. तेवढे लावून महिनाभर वापरावेत आणि जे खरोखर खटकते तेवढेच वाढवावे. मात्र केबल आणि ट्रान्सफॉर्मर यांची क्षमता सुरुवातीलाच थोडी जास्त ठेवावी, म्हणजे पुढे खणाखणी करावी लागत नाही.

दिवा निवडताना वॅट पाहावेत की ल्युमेन?

ल्युमेन पाहावेत. वॅट म्हणजे दिवा किती वीज घेतो आणि ल्युमेन म्हणजे तो किती प्रकाश देतो. जुन्या दिव्यांच्या काळात या दोहोंचे प्रमाण साधारण ठरलेले होते, त्यामुळे वॅटवरून अंदाज बांधता येई. एलईडीत सारख्या वॅटचे दोन दिवे प्रकाशाने बरेच वेगळे असू शकतात. पायरीच्या दिव्याला ५० ल्युमेन किंवा त्याहूनही कमी, वाटेच्या दिव्याला १०० ते २०० आणि मध्यम झाडावर टाकायच्या झोताला २०० ते ४०० ल्युमेन हा कामचलाऊ अंदाज आहे. भोवताली जितका अंधार जास्त, तितका प्रकाश कमी लागतो.

दिव्याचा रंग कोणता असावा?

खोक्यावर लिहिलेला केल्विनचा आकडा पाहावा. २७०० केल्विनचा प्रकाश पिवळसर उबदार असतो, ४००० चा पांढरा आणि ६५०० चा निळसर पांढरा. बागेसाठी २७०० किंवा त्याहून कमी घ्यावा आणि ३००० च्या पुढे जाऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

यामागे केवळ आवडीनिवडीचा प्रश्न नाही. आजचा पांढरा एलईडी बहुतांशी निळ्या एलईडीवर पिवळसर फॉस्फरचा (निळ्या प्रकाशाचा काही भाग पिवळसर प्रकाशात बदलणाऱ्या पदार्थाचा) थर देऊन बनवतात. (कार्यक्षम निळ्या एलईडीच्या शोधासाठी इसामु अकासाकी, हिरोशी अमानो आणि शुजी नाकामुरा यांना २०१४ चे भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.) दिवा जितका थंड पांढरा, तितका त्यातील निळ्या प्रकाशाचा वाटा मोठा, आणि हाच निळा प्रकाश हवेत अधिक विखुरतो, कीटकांना अधिक ओढतो व माणसाच्या झोपेशी संबंधित मेलॅटोनिन हे संप्रेरक अधिक दाबतो.

दुसरी काळजी अशी की एका नजरेत येणारे सगळे दिवे एकाच केल्विनचे असावेत. एक दिवा बिघडल्यावर हाताला लागेल तो बसवला की तेवढा कोपरा परका दिसू लागतो. खोक्यावरचा आणखी एक आकडा सीआरआयचा, म्हणजे त्या प्रकाशात वस्तूंचे रंग किती खरे दिसतात ते सांगणारा. तो ८० च्या वर, शक्य झाल्यास ९० च्या आसपास असावा, नाहीतर पानांचा हिरवा रंग मळकट दिसतो आणि फुलांचे रंग ओळखू येत नाहीत.

झोताचा कोन म्हणजे काय आणि तो कसा निवडावा?

दिव्यातून प्रकाश किती पसरून बाहेर पडतो, ते हा कोन सांगतो. तीन मीटर अंतरावर १५ अंशांचा झोत सुमारे ०.८ मीटर व्यासाचे वर्तुळ उजळतो, ३६ अंशांचा जवळपास २ मीटरचे आणि ६० अंशांचा सुमारे साडेतीन मीटरचे. उंच, सरळसोट खोडाला अरुंद झोत शोभतो, पसरट झाडाला रुंद. ल्युमेन तेवढेच ठेवून कोन वाढवला तर तोच प्रकाश मोठ्या जागेवर पसरून फिका पडतो, आणि अंतर दुप्पट केले तर उजेड चौथा हिस्सा उरतो. ‘दिवा भारी घेतला तरी झाड उजळत नाही’ या तक्रारीत पुष्कळदा दोष दिव्याचा नसून कोनाचा किंवा अंतराचा असतो.

पायवाटेवर दिवे किती अंतरावर लावावेत?

साधारण गुडघ्याएवढ्या उंचीच्या, खाली प्रकाश टाकणाऱ्या दिव्यांसाठी अडीच ते तीन मीटर हे अंतर सुरुवातीला धरावे. पण खरे माप जमिनीवर पडलेल्या उजेडाच्या वर्तुळाचे आहे. दोन वर्तुळांच्या कडा एकमेकींना जेमतेम भिडल्या किंवा त्यांच्यात थोडासा मंद पट्टा राहिला, तर वाट नीट दिसते. दोन्ही बाजूंना समोरासमोर दिवे लावू नयेत, कारण मग नजर वाटेवर न राहता दिव्यांच्या दोन ओळींवर जाते. एकाच बाजूला किंवा तिरपे आलटूनपालटून लावावेत आणि वळण, चढउतार, फरशी संपून माती सुरू होते ती जागा, ही ठिकाणे आधी घ्यावीत. सरळ सपाट वाटेला फारसे दिवे लागत नाहीत.

पायऱ्यांसाठी कोणता दिवा योग्य?

बागेत एकच दिवा लावायचा असेल तर तो पायऱ्यांसाठी असावा, इतके मी या प्रश्नाला महत्त्व देतो. पायरीचा दिवा पायरीची पातळी दाखवतो, आणि त्यासाठी नुसता उजेड पुरत नाही, तो योग्य दिशेने पडावा लागतो.

आमच्या घराच्या मागील दारापासून बागेत चार पायऱ्या उतरतात. अनेक वर्षे तिथे दारावरचा एक चांगला प्रखर दिवा होता आणि आम्हांला ती सोय पुरेशी वाटत होती. पण उतरणाऱ्या माणसाच्या तो पाठीमागे असे, त्यामुळे त्याची स्वतःचीच सावली पुढच्या पायऱ्यांवर पडे. त्यातून शेवटची पायरी आणि खालची जमीन एकाच दगडाची होती. एका संध्याकाळी घरी आलेल्या वयस्कर पाहुण्यांना तीन पायऱ्या मोजता आल्या, चौथी दिसलीच नाही आणि त्यांचा घोटा मुरगळला. नंतर आम्ही बाजूच्या भिंतीत, पायरीच्या पृष्ठभागापासून वीतभर उंचीवर दोन लहान दिवे बसवले आणि दारावरचा दिवा मंद केला. प्रकाश आडवा येऊ लागल्यामुळे प्रत्येक पायरीची कड आणि तिच्याखालची सावली वेगळी दिसू लागली. एकूण उजेड पूर्वीपेक्षा कमीच आहे.

बाजूला भिंत नसेल तर पायरीच्या पुढच्या कडेखाली खाचेत एलईडी पट्टी बसवता येते. तिचे ठिपके डोळ्यांना दिसू नयेत म्हणून दुधी झाकण असलेले अॅल्युमिनियमचे प्रोफाइल (पट्टी बसवायची पन्हळ) वापरावे. सगळ्या पायऱ्यांना दिवे देणे शक्य नसेल तर पहिली आणि शेवटची पायरी कधीही वगळू नये.

झाडावर प्रकाश खालून टाकावा की वरून?

दोन्ही करता येते, मात्र परिणाम अगदी भिन्न असतो. खालून टाकलेला प्रकाश खोडाचा पोत आणि फांद्यांची रचना दाखवतो. दिवा एकच असेल तर तो ज्या बाजूने झाड जास्त पाहिले जाते त्या बाजूला, थोडा तिरपा ठेवावा. अगदी समोरून टाकला तर झाड चपटे दिसते. मोठ्या विस्ताराच्या झाडाला दोन कमी ताकदीचे दिवे एका जोरकस दिव्यापेक्षा बरे. झोत पानांच्या घेरात संपायला हवा. पानांतून निसटलेला प्रकाश थेट आकाशात जातो आणि तिथे तो कोणाच्याही उपयोगाचा नसतो. पानगळीच्या झाडाखाली हा दिवा पाने झडल्यावर बंद ठेवणेच योग्य.

वरून, म्हणजे उंच फांदीवर दिवा बसवून पानांमधून खाली झिरपू दिलेला प्रकाश मला स्वतःला अधिक आवडतो. जमिनीवर पानांच्या सावल्या पडतात, वारा आला की त्या हलतात, आणि वाटेलाही उजेड मिळतो. यात झाडाची काळजी मात्र घ्यावी लागते. फांदीभोवती तार किंवा पट्टा घट्ट आवळू नये. खोड जाड होत जाते तसा तो सालीत रुततो आणि अन्नरस वाहून नेणारा थर दाबला जातो. ब्रॅकेट आणि खोड यांच्यात अंतर राहील असे गंजरोधक पोलादाचे लांब स्क्रू वापरावेत, ते दरवर्षी थोडे सैल करावेत आणि केबल ढिली सोडावी. घरटे असलेल्या झाडावर दिवा नको.

भिंत किंवा वेल उजळण्याची काही खास पद्धत आहे का?

भिंत दगडी किंवा खडबडीत असेल तर दिवा तिच्यापासून १५ ते ३० सेंटिमीटरवर ठेवून प्रकाश तिला घासून जाईल असा टाकावा. उंचसखलपणा उठून दिसतो. गिलावा सपाट असेल तर हीच पद्धत त्यातील प्रत्येक फुगवटा उघडा पाडते, म्हणून अशा वेळी दिवा ७० ते ९० सेंटिमीटर मागे घ्यावा. भिंतीपुढे रेखीव आकाराचे झुडूप असेल तर दिवा त्याच्या मागे दडवून भिंत उजळावी, म्हणजे झुडूप काळ्या आकृतीसारखे पुढे येते.

दिवे असूनही नीट दिसत नाही. असे का होते?

बहुधा दिवा थेट डोळ्यांवर येत असतो. अंधाराला पूर्णपणे सरावायला डोळ्यांना २० ते ३० मिनिटे लागतात, पण एक उघडा, प्रखर दिवा क्षणात तो सराव मोडतो. मग त्या दिव्याच्या पलीकडचे सगळे काळेकुट्ट भासते आणि आपण आणखी एक दिवा लावण्याच्या विचारात पडतो. त्याऐवजी आहे त्याच दिव्यावर टोपी किंवा आडोसा बसवावा, झोत खाली वळवावा, मधमाश्यांच्या पोळ्यासारखी जाळी असलेले झाकण लावावे. बसून पाहताना आणि उभे राहून पाहताना अशा दोन्ही उंचींवरून तपासणी करावी, कारण उभ्या माणसाला न दिसणारा दिवा खुर्चीत बसलेल्या माणसाच्या नेमका डोळ्यांत जातो.

सुरक्षिततेसाठी मोठा फ्लड लाइट रात्रभर चालू ठेवावा का?

ठेवू नये. प्रखर दिव्याच्या आजूबाजूला तितक्याच गडद सावल्या पडतात आणि लपणाऱ्याला त्या सोयीच्या असतात. दारे, फाटक आणि घराच्या बाजूची अरुंद वाट एवढ्यांवर खाली वळवलेला मध्यम दिवा आणि त्याला हालचाल ओळखणारा सेन्सर ही योजना अधिक उपयोगी आहे. अचानक लागलेला दिवा घरातल्यांचेही लक्ष वेधतो. हे पीआयआर सेन्सर माणसाच्या उष्णतेची हालचाल टिपतात. समोरून सरळ चालत येणाऱ्या माणसापेक्षा आडवा जाणारा माणूस त्यांना लवकर कळतो, म्हणून सेन्सर वाटेच्या टोकाला न लावता बाजूला, दोन ते अडीच मीटर उंचीवर लावावा. त्याच्या टप्प्यात हलणाऱ्या फांद्या किंवा वातानुकूलन यंत्राचा बाहेरचा भाग असेल तर दिवा विनाकारण लागत राहतो.

सौर दिवे घ्यावेत का?

जिथे केबल नेणे अवघड आहे आणि दिवा केवळ खुणेपुरता हवा आहे, तिथे जरूर घ्यावेत. पायरी किंवा दार यांसारख्या महत्त्वाच्या जागी त्यांच्यावर विसंबू नये. लहान सौर दिव्याचे पॅनल तळहाताएवढे असते. ते झाडाच्या सावलीत आले किंवा चार दिवस आभाळ भरलेले राहिले, तर दिवा संध्याकाळी दोन तासांतच मालवतो. त्यामुळे पॅनल दिव्यापासून वेगळे, तारेने जोडलेले आणि उन्हात ठेवता येण्याजोगे असेल तर उत्तम. बॅटरी बदलता येते का, हे घेण्यापूर्वीच पाहावे, कारण दिव्याच्या आधी बॅटरी संपते आणि ती आत चिकटवून टाकलेली असेल तर सगळा दिवाच कचऱ्यात जातो. पॅनलवरची धूळ व पक्ष्यांची विष्ठा महिन्यातून एकदा ओल्या फडक्याने पुसली, तरी बराच फरक पडतो.

दिवे थेट घरगुती विजेवर चालवावेत की १२ किंवा २४ व्होल्टवर?

घरगुती बागेसाठी कमी व्होल्टेजची पद्धत मी सुचवतो. ट्रान्सफॉर्मर किंवा ड्रायव्हर वीजदाब १२ अथवा २४ व्होल्टपर्यंत उतरवतो. बागकाम करताना केबलवर कुदळ लागली तरी जिवाला होणारा धोका यात पुष्कळच कमी असतो आणि दिव्यांच्या जागा नंतर सहज बदलता येतात. ट्रान्सफॉर्मर मात्र सुरक्षा-विलग प्रकारचा असावा, म्हणजे त्याच्या दोन्ही बाजूंचा एकमेकींशी थेट विद्युत संपर्क नसावा.

मुख्य विजेवर चालणारा कोणताही भाग बागेत असेल तर त्या सर्किटला ३० मिलिअँपिअरचे आरसीसीबी (वीज गळताच पुरवठा तोडणारे स्विच) आणि योग्य अर्थिंग हवेच. हे काम परवानाधारक वायरमनकडूनच करून घ्यावे. ओल्या मातीत अनवाणी उभ्या असलेल्या माणसाच्या बाबतीत येथे चूक करण्यास जागा नाही. आरसीसीबीवरील चाचणीचे बटण अधूनमधून दाबून ते खटका सोडते की नाही, हे घरच्यांनी स्वतः पाहावे.

ओळीतले शेवटचे दिवे मंद का जळतात?

केबलमध्ये व्होल्टेज गळते म्हणून. प्रत्यक्ष हिशेब करून पाहू. ट्रान्सफॉर्मर १२ व्होल्टचा आहे आणि २० मीटर अंतरावर एकूण ६० वॅटचे दिवे आहेत, म्हणजे तारेतून ५ अँपिअर वाहतात. १.५ चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या तारेचा रोध किलोमीटरला सुमारे १२ ओहम असतो. जाण्याची व परतीची तार मिळून ४० मीटर झाली, तिचा रोध साधारण ०.४८ ओहम, आणि त्यात जवळपास २.४ व्होल्ट गळतात. बारापैकी पाचवा हिस्सा वाटेतच संपला. केबल २.५ चौरस मिलिमीटरची घेतली तर गळती दीड व्होल्टवर येते. आणि पहिलीच केबल ठेवून सगळी यंत्रणा २४ व्होल्टची केली, तर प्रवाह निम्मा होऊन १.२ व्होल्ट, म्हणजे केवळ ५ टक्के गळती उरते. बाग लांब असेल तर २४ व्होल्ट का घ्यावेत, याचे उत्तर या आकड्यांत आहे. याखेरीज ट्रान्सफॉर्मर मध्यभागी ठेवून दोन्हीकडे स्वतंत्र केबल काढल्यानेही फायदा होतो. ट्रान्सफॉर्मरच्या क्षमतेच्या ८० टक्क्यांहून जास्त भार टाकू नये.

आयपी ६५, आयपी ६७ अशा आकड्यांचा अर्थ काय?

पहिला अंक धूळ आणि घन वस्तू यांपासूनच्या संरक्षणाचा, दुसरा पाण्यापासूनच्या. ६ म्हणजे धूळ मुळीच आत जात नाही. दुसऱ्या जागी ४ म्हणजे उडणारे शिंतोडे, ५ म्हणजे पाण्याची धार, ७ म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास आणि ८ म्हणजे निर्मात्याने सांगितलेल्या खोलीवर सतत बुडालेले राहणे. छपराखालच्या भिंतीवर आयपी ४४ चालते, उघड्यावर ६५ घ्यावे, जमिनीत गाडायच्या दिव्याला ६७ हवे.

पण दिवे बिघडतात ते बहुतेक वेळा जोडांपाशी. काही महिन्यांतच बंद पडलेल्या दिव्याचा जोड उघडला तर काळ्या टेपच्या आत चिकट ओल, तारेवर हिरवा थर आणि तांब्याचे धागे हाताने चुरले जातील इतके ठिसूळ झालेले आढळतात. टेप पाणी अडवत नाही, उलट आत गेलेले पाणी धरून ठेवते. जोडासाठी जेल भरलेले जलरोधक कनेक्टर किंवा ग्लँड (केबलभोवती घट्ट बसून पाणी अडवणारी कडी) बसवलेला जंक्शन बॉक्स वापरावा आणि केबल बॉक्समध्ये वरून न घालता खालून, थोडा झोळ देऊन घालावी, म्हणजे पाणी झोळाच्या टोकावरून गळून जाते. जमिनीतल्या दिव्याखाली निदान २० सेंटिमीटर खडीचा थर द्यावा; ज्या खड्ड्यात पाणी साचून राहते, तिथे कोणतेही मानांकन फार काळ टिकत नाही.

केबल किती खोल पुरावी?

मुख्य विजेच्या केबलसाठी ४५० ते ६०० मिलिमीटर खोली सर्वसाधारणपणे धरतात, पण आपल्या भागातील विद्युत नियम सांगतील ती खोली अंतिम मानावी. ही केबल आर्मर्ड, म्हणजे धातूचे कवच असलेली असावी किंवा पाइपातून न्यावी आणि वर इशारा देणारी रंगीत पट्टी टाकावी. कमी व्होल्टेजची केबल १५ सेंटिमीटरवर चालते, तथापि जिथे वाफे खणले जातात तिथे ती पाइपातूनच न्यावी. चर बुजवण्यापूर्वी बाजूला मोजपट्टी ठेवून फोटो काढून ठेवावेत. पाच वर्षांनी नवे झाड लावताना हेच फोटो उपयोगी पडतात.

तळे किंवा कारंज्यात दिवे लावता येतात का?

येतात. दिवा आयपी ६८ चा आणि १२ व्होल्टवर चालणारा असावा, ट्रान्सफॉर्मर पाण्यापासून दूर कोरड्या जागी असावा. काही दिवे भोवतीच्या पाण्यानेच थंड राहतात, म्हणून पाणी उतरले असताना ते लावू नयेत. मासे असतील तर त्यांना अंधाराचे तास मिळालेच पाहिजेत.

दिव्यांचा कीटक, पक्षी आणि झाडे यांना त्रास होतो का?

होतो. दिव्याभोवती किडे का घिरट्या घालतात, याविषयी २०२४ मध्ये ‘नेचर कम्युनिकेशन्स’ या नियतकालिकात एक अभ्यास प्रसिद्ध झाला. अतिवेगवान कॅमेऱ्यांनी टिपलेल्या उड्डाणांत असे दिसले की उडणारे कीटक आपली पाठ प्रकाशाकडे करतात. निसर्गात रात्रीही आकाश जमिनीपेक्षा उजळ असते, त्यामुळे वरची दिशा ओळखायला ही सवय कामी येते. दिव्याजवळ मात्र ते सतत कलत राहतात आणि त्याच घेऱ्यात अडकतात. रात्री फुलांवर जाणारे पतंग परागीभवन करतात, तेव्हा त्यांचा असा खोळंबा बागेलाही महागात पडतो. काजवे तर प्रकाशाच्या खुणांनीच जोडीदार शोधतात. ज्या कोपऱ्यात काजवे दिसतात तिथे, निदान त्यांच्या हंगामात, एकही दिवा लावू नये, ही माझी कळकळीची विनंती आहे.

झाडांनाही रात्रीची लांबी कळते. गार्नर आणि अॅलर्ड या अमेरिकी शास्त्रज्ञांनी १९२० मध्ये दाखवून दिले की अनेक वनस्पतींचे फुलणे दिवसरात्रीच्या लांबीवर अवलंबून असते. शेवंती आणि पॉइन्सेटिया यांना फुलण्यासाठी लांब, अखंड रात्र लागते. व्यावसायिक उत्पादक शेवंतीचे फुलणे पुढे ढकलण्यासाठी मध्यरात्री मुद्दाम दिवे लावतात. तेव्हा दिव्याखालची शेवंती फुलत नसेल, तर खत बदलण्याआधी तो दिवा काही आठवडे बंद ठेवून पाहावा.

१९८८ मध्ये स्थापन झालेल्या आणि आता ‘डार्कस्काय इंटरनॅशनल’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या संस्थेने प्रकाश-अभियंत्यांच्या संस्थेसोबत २०२० मध्ये बाहेरच्या दिव्यांसाठी पाच तत्त्वे मांडली : प्रकाश उपयोगाचा असावा, हव्या त्याच जागी पडावा, गरजेपेक्षा प्रखर नसावा, हवा तेव्हाच लागावा आणि उबदार रंगाचा असावा. घरच्या बागेत ही पाचही तत्त्वे पाळणे सहज जमण्यासारखे आहे.

शेजाऱ्यांकडून तक्रार आली तर काय करावे?

त्यांच्या खिडकीत उभे राहून आपला दिवा एकदा पाहावा. बहुतेक वेळा तो पाच-दहा अंश खाली वळवला किंवा एका बाजूला आडोसा लावला की प्रश्न मिटतो.

दिवे आपोआप चालू-बंद कसे करावेत?

अंधार ओळखणारा फोटोसेल दिवे लावण्यासाठी आणि टायमर ते ठरलेल्या वेळी बंद करण्यासाठी, ही जोडी सर्वांत सोयीची आहे. ऋतुमानाप्रमाणे सूर्यास्त मागेपुढे होतो, त्यामुळे नुसता टायमर सतत बदलावा लागतो आणि नुसता फोटोसेल रात्रभर दिवे जाळतो. शोभेचे दिवे रात्री दहा-साडेदहाला बंद व्हावेत, पायऱ्यांचे मंद दिवे मागाहून व्हावेत, म्हणून दोन्हींची सर्किटे वेगळी ठेवावीत. फोटोसेलवर आपल्याच दिव्याचा उजेड पडू देऊ नये, अन्यथा दिवा लागताच तो ‘दिवस’ समजून बंद करतो आणि हाच खेळ चालू राहतो.

वीज किती लागते?

प्रत्येकी ५ वॅटचे दहा एलईडी रोज पाच तास जळले तर वर्षाला सुमारे ९१ युनिट. तेथेच ५० वॅटचे हॅलोजन असतील तर ९१२.

दिवा कोणत्या धातूचा घ्यावा आणि देखभाल काय करावी?

पितळ आणि तांबे काळवंडतात, पण टिकतात. पावडर कोटिंग केलेले अॅल्युमिनियम हलके व चांगले असते, मात्र कोटिंगला चरा पडला की तिथून ते फुगू लागते. समुद्राजवळच्या हवेत ३०४ प्रतीच्या स्टेनलेस स्टीलवरही तांबूस डाग पडतात. तिथे ३१६ प्रत घ्यावी. प्लॅस्टिकचे खुंटे उन्हाने तडकतात.

देखभाल थोडीच असते, पण ती अंधारात करावी लागते. दर तीन-चार महिन्यांनी काचा पुसाव्यात, वाळलेली पाने काढावीत, काचेच्या आत वाफ धरली आहे का ते पाहावे. दिवा तापतो तेव्हा आतली हवा बाहेर पडते आणि थंड होताना दमट हवा आत ओढली जाते; थेंब दिसले तर रबरी वायसर बदलावा. झुडपे वाढून दिवा झाकला गेला असेल तर फांदी छाटण्याऐवजी शक्य तिथे दिवाच सरकवावा. त्यासाठी बसवतानाच प्रत्येक दिव्यापाशी हातभर जादा केबल गुंडाळून मातीखाली ठेवावी.